तिसऱ्या मजल्यावरचं मत

तिला सगळे फॉर्मवाली म्हणायचे. खरं तर हातात फॉर्म उरलाच नव्हता. पाच वर्षांपूर्वी कंपनीने कागद बंद करून सगळ्यांना टॅब दिले. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. दार उघडणारी बाई आत तोंड करून ओरडायची, "अहो, फॉर्मवाली आलीय, अंगात शर्ट घाला!" मग घरातला पुरुष शर्टाची बटणं लावत, केसांवरून हात फिरवत बाहेर यायचा आणि देशाचं नेमकं कुठे चुकतंय ते समजावून सांगायला बसायचा.

काम ऐकायला सोपं. लोकांना कुठला पक्ष जवळचा वाटतो, कुठल्या पुढाऱ्याचा भरवसा वाटतो, हे विचारायचं आणि सांगतील तसं नोंदवायचं. पुढाऱ्यांना दहापैकी गुण द्यायला लावायचे. वर्षातून दोनदा, त्याच साठ घरांत, त्याच साठ माणसांना. माणसं बदलायची नाहीत, कारण कंपनीला तेच तर बघायचं असतं: गेल्या खेपेला हा काय म्हणाला आणि आता काय म्हणतोय. हे आकडे पुढे कुठे जातात, कोण वाचतं, वाचून कोणाच्या डोक्यात काय प्रकाश पडतो, देव जाणे. तिने कधी चौकशी केली नाही. बावीस वर्षं तिने एकच पथ्य पाळलं. चेहरा कोरा ठेवायचा. समोरचा पुढाऱ्याला शिव्यांची लाखोली वाहो नाहीतर डोक्यावर घेऊन नाचो, हिने मान म्हणून हलवायची नाही. मान हलली की उत्तर बदलतं, असं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आणि लोक काय काय बोलायचे! हसू दाबता दाबता जीव जायचा. कोपऱ्यावरचा शिंपी एका पुढाऱ्याबद्दल म्हणाला होता, "दिसायला आठ, कामाला एक. आता सरासरी तुझी तू काढ." सतरा नंबरच्या घरातली नर्स तर भारीच. ती म्हणायची, "जुना पक्ष म्हणजे माझ्या सासूबाई. जवळही घेत नाहीत आणि सोडतही नाहीत. आणि नवा पक्ष म्हणजे नवा जावई. आला की सगळं घर उभं राहतं. गेल्यावर लक्षात येतं, बोलला फार, केलं काहीच नाही." एक बस ड्रायव्हर होता. तो जुन्या पक्षाच्या नेत्याबद्दल म्हणायचा, "माणूस चांगला आहे हो, आजूबाजूचे लोक वाईट." पुढे सरकार बदललं, नवा नेता आला, आणि या गृहस्थाने नव्याबद्दल शब्दन्‌शब्द तेच सांगितलं. तिने दोन्ही वेळा निमूटपणे लिहून घेतलं.

पण हे झालं पूर्वीचं. पूर्वी लोक तावातावाने भांडायचे. नवऱ्याने नऊ दिले की बायको मुद्दाम दोन द्यायची आणि मग दोघांत जुंपायची, ही बिचारी मध्ये टॅब धरून बसलेली. गेली तीन-चार वर्षं लोकांचा आवाजच बसला होता. "लिही गं काहीही." "तुला काय हवं ते टाक." "सगळे एका माळेचे मणी, कोणाला किती द्यायचे?" नर्सने सासू आणि जावई दोघांनाही सोडलं. आता ती दारातच उभी राहून म्हणायची, "दोन, दोन, एक. झालं? भाजी करपतेय माझी." नऊ आणि दहा या आकड्यांवर तर फॉर्मवालीचं बोट कित्येक महिन्यांत गेलं नव्हतं. घरोघर फिरून ती हे असं सगळं गोळा करायची आणि संध्याकाळी अंग मोडून आल्यासारखी घरी यायची. माणसं आजारी असावीत आणि आपण नुसता ताप मोजत हिंडावं, तसं तिला व्हायचं.

तिचं स्वतःचं मत काय, हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. सर्व्हे करणाऱ्यांची घरं सर्व्हेतून वगळतात, हा नियमच आहे. नवऱ्याने विचारायचा प्रश्नच नव्हता. तो आधी एका गोदामावर वॉचमन होता. छातीचा त्रास सुरू झाला तसा घरी बसला आणि टीव्हीसमोर बसून नव्या पक्षाच्या बाजूने खोकत खोकत भांडायला लागला. घर चालायचं ते हिच्या चालण्यावर. हिने चालायचं थांबवलं तर दोघांनी करायचं काय, हा विचार ती जिना चढताना करायची नाही. उतरताना मात्र करायची.

तर या साठ घरांतलं त्रेचाळिसावं घर फिटरकाकांचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. काका एका इंजिनच्या कारखान्यात फिटर होते. बायको जाऊन सात वर्षं झालेली. मुलगी लांबच्या शहरात, रविवारी फोन करते, तोही गडबडीत. कंपनीच्या हिशेबाने एका माणसाला वीस मिनिटं लागायला हवीत. काकांना दीड तास लागायचा. त्यांचं सगळं साग्रसंगीत चालायचं. आधी खुर्ची पुसायची, मग पंखा लावायचा, मग चहा, आणि मग "हां, विचार आता."

काकांचं मत तिला तोंडपाठ होतं. चाळीस वर्षांपूर्वी जुन्या पक्षाचे थोरले नेते, तेव्हा ऐन उमेदीतले, कारखान्याच्या गेटवर आले होते. ऑइलच्या पिंपावर उभं राहून बोलले. खाली उतरले आणि पहिला हात मिळवला तो काकांशी. "माझा हात ग्रीसने काळा," काका सांगायचे, "मी मागे घेतला, तर त्यांनी ओढून धरला. आणि नंतर हात पुसला नाही बरं का! मी बघत होतो. गाडीत बसेपर्यंत पुसला नाही." तेव्हापासून थोरल्यांना दहापैकी दहा. पुढे कारखाना बंद पडला. कामगार नऊ महिने गेटवर बसले. थोरले आले नाहीत, त्यांची चिठ्ठी सुद्धा आली नाही. काकांनी दहाचे चार केले. पण पक्ष कुठला जवळचा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: जुनाच. वर म्हणायचे, "चार दिले म्हणून काय झालं? पोरगं नापास झालं म्हणून कोणी घराबाहेर काढतं का?"

दर सहा महिन्यांनी हेच. पिंप, ग्रीस, गेट, नापास पोरगं. काका बोलायला लागायच्या आत तिचं बोट त्या बटणावर जाऊन थांबलेलं असायचं. पण तिने कधी त्यांना घाई केली नाही. एवढ्या साठ घरांत एकच माणूस अजून प्रश्नाची वाट बघत बसतो, एवढं तिला कळत होतं.

यंदा फेरी सुरू व्हायच्या आधी ऑफिसातल्या मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. दोन विभाग एक करायचे ठरले होते, म्हणजे निम्मी माणसं कमी होणार. मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. "ज्यांची साठच्या साठ घरं शुक्रवारपर्यंत पूर्ण होतील आणि ज्यांच्या तपासणीत एकही खोट निघणार नाही, तेवढेच राहतील. बाकीच्यांना मी काही करू शकत नाही." या वयात दुसरं काम कोण देणार होतं फॉर्मवालीला? घरी तिने काही सांगितलं नाही. नवरा तेव्हा टीव्हीतल्या कुठल्याशा माणसाला मूर्ख म्हणण्यात गुंतला होता.

शुक्रवारी दुपारपर्यंत तिची एकोणसाठ घरं झाली. राहिले फक्त काका. त्यांच्याकडे ती दोनदा जाऊन आली होती, दोन्ही वेळा कुलूप. शेजारणीने सांगितलं, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, साखर वाढली म्हणून दवाखान्यातच ठेवून घेतलंय, कधी सोडतील ते माहीत नाही. नियमाप्रमाणे तिसरी खेप व्हायला हवी होती. त्या दिवशी ती अकरा जिने चढली होती. गुडघे असे ठणकत होते की रस्ता ओलांडतानाही ती विजेच्या खांबाला धरून उभी राहिली. इमारतीसमोर आली, जिन्याकडे बघितलं, आणि तिच्या अगदी जिवावर आलं. वर जायचं, कुलूप बघायचं आणि परत उतरायचं? कशासाठी?

आता या टॅबची एक गंमत आहे. त्याला गल्ली कळते, इमारत कळते, तुम्ही तिथे किती मिनिटं होतात ते कळतं. मजला कळत नाही. हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्याला ते आपसांत "खालूनच" म्हणतात. "काय गं, चढलीस की खालूनच?" बावीस वर्षांत हिने एकदाही खालून भरला नव्हता. तिला त्याचा अभिमान होता, चारचौघांत ती तो मिरवायचीही.

त्या शुक्रवारी ती समोरच्या कट्ट्यावर बसली आणि तिने काकांचा फॉर्म उघडला. भराभर बटणं दाबून मोकळी झाली नाही हो. तशी ती नव्हती. एकेक प्रश्न मनात वाचला, काका बोलतील तेवढा वेळ थांबली, पिंप झालं, ग्रीस झालं, गेट झालं, मग उत्तर टाकलं. जवळचा पक्ष: जुना. थोरल्यांना गुण: चार. गेल्या वेळेपेक्षा मत बदललंय का: नाही. यात खोटं असं काय होतं? हेच तर सांगितलं असतं त्यांनी. पंचवीस मिनिटांनी तिने फॉर्म पाठवून दिला. साठपैकी साठ. घरी जाताना तिने नवऱ्यासाठी केळी घेतली.

बुधवारी संध्याकाळी तिच्या मैत्रिणीचा फोन आला. ही मैत्रीण ऑफिसात बसून तपासणीचे फोन करायची. काही घरं निवडून फोन लावायचा, आमचं माणूस आलं होतं का, काय विचारलं, काय सांगितलंत, असं विचारायचं, आणि सगळं रेकॉर्ड होतं. मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझं त्रेचाळीस नंबरचं निघालंय. उद्या अकराला लावते. तुझं काय, तुझं काम चोखच असतं. आपलं सहज सांगितलं."

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. काका खोटं बोलणार नाहीत. ते म्हणतील, कोणी आलं नाही. झालं, संपलं. बावीस वर्षं एका वाक्यात धुऊन जातील. मग तिने ठरवलं, एव्हाना काका घरी आले असतील, सकाळी जायचं, पाय धरायचे आणि सांगायचं, काका, एवढ्या वेळी हो म्हणा.

साडेदहाला ती तिसऱ्या मजल्यावर पोचली. छाती भात्यासारखी चालली होती. दार काकांनीच उघडलं. डोळ्यांवर काळा चष्मा, दाढी वाढलेली.

"आज वर आलीस?" काका म्हणाले.

तिने चपला काढल्या, पण पाय आत टाकला नाही.

"ये, आत ये. उंबऱ्यात का उभी?"

खुर्ची त्यांनी पुसली नाही. पंखाही लावला नाही. ती आपणच बसली आणि शब्द जुळवायला लागली, पण काकांनी तिला त्या त्रासातून सोडवलं.

"गेल्या गुरुवारी घरी आलो," ते म्हणाले. "शुक्रवारी सकाळी पट्टी काढली. दुपारी खिडकीत बसलो होतो, म्हटलं बघू तरी काय काय दिसतंय. तर समोर कट्ट्यावर तू. साडीची किनार सुद्धा दिसली गं मला! इतका आनंद झाला. म्हटलं दम खातेय बिचारी, येईल. चहाचं आधण ठेवलं. तू त्या पाटीवर बोट फिरवत होतीस. मग उठलीस आणि गेलीस. आधण आटून गेलं."

"काका, चुकलं माझं," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. "मला वाटलं, तुम्ही दवाखान्यात आहात. शेवटचा दिवस होता. माझी नोकरी जाईल हो. आता अकराला ऑफिसचा फोन येईल, आणि..."

"काय लिहिलंस माझं?"

"नेहमीचंच. जुना पक्ष. थोरल्यांना चार. बदल नाही."

काकांनी वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बदल होता."

तिने डोळे पुसत वर बघितलं.

"दवाखान्यात डोळे बांधून पडलो होतो. करायचं काय दिवसभर? विचार केला. चाळीस वर्षं नुसतं बोलत आलो, विचार असा केलाच नव्हता कधी. तो ग्रीसचा हात, ते पिंप, सगळं नीट आठवून बघितलं. आणि ठरवलं. या वयात पहिल्यांदा मत बदललं मी. कोणाला सांगू? पोरीला सांगितलं तर म्हणेल, बाबा, औषधं वेळेवर घेताय ना? म्हटलं फॉर्मवाली येईल, तिला सांगू. ती ते तोंड दगडासारखं करून बसेल, पण आतून चकित होईल. पडल्या पडल्या हसू येत होतं मला, खरं सांगतो."

तिने पदराने नाक पुसलं.

"ते पक्षवाले काय करतात माहितीये?" काका पुढे म्हणाले. "प्रचाराला येतात आणि आमच्या दारावरून पुढे जातात. खालची पोरं सांगतात त्यांना, हा म्हातारा आपलाच आहे, याला काय विचारायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचो, फॉर्मवाली येते ना, ती विचारते."

हे काळजात घुसलं तिच्या. ती उठून काहीतरी बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. काकांना लांबचं दिसत होतं, पण जवळचं अजून धूसरच होतं, त्यांनी चाचपडत बटण दाबलं आणि फोन टेबलावर ठेवून दिला. मैत्रिणीचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला.

"नमस्कार काका. शुक्रवारी आमच्या ताई तुमच्याकडे सर्व्हेसाठी आल्या होत्या का?"

फॉर्मवालीने पदर तोंडात धरला. विनवायची सोय उरली नव्हती, हात जोडले तरी काकांना ते दिसले असते की नाही कोण जाणे.

"आली होती," काका म्हणाले.

"किती वेळ होत्या?"

"पंचवीस मिनिटं. मी घड्याळ बघत होतो."

"बरं. तुम्हाला जवळचा पक्ष कुठला, ते सांगितलंत ना तुम्ही त्यांना? कुठला सांगितला?"

काकांनी चष्मा काढला. आतले डोळे लाल झाले होते, पाणी गळत होतं, आता ते औषधाचं की कशाचं कोणी सांगावं. फोनवरून मैत्रीण "हॅलो, काका, ऐकू येतंय का?" असं दोनदा म्हणाली.

"जुना," काका म्हणाले. "जुना पक्ष."

"आणि थोरल्या नेत्यांना गुण?"

"चार."

"गेल्या वेळेपेक्षा तुमचं मत काही बदललंय का, काका?"

"नाही."

"धन्यवाद काका, तब्येतीला जपा," असं म्हणून मैत्रिणीने फोन ठेवला.

नोकरी वाचली. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची इतकी शरम वाटली की तिला त्या खोलीत बसवेना. चाळीस वर्षांनी एका माणसाने मत बदललं होतं आणि ते तिच्या पगारासाठी त्याने गिळून टाकलं होतं. आता कंपनीच्या दप्तरी काका कायमचे जुन्या पक्षाचे. ती त्यांच्या पायांशी वाकली तर त्यांनी पाय मागे घेतले.

"काका, मला सांगा ना," ती म्हणाली. "काय ठरवलं होतंत? कोणाला? का?"

"नोंद झाली ना तुझी?"

"नोंदीसाठी नाही विचारत मी. टॅब आणलेलाच नाही मी आज, हे बघा. मला ऐकायचंय."

काकांनी तिच्याकडे बघितलं, म्हणजे तिच्या दिशेने बघितलं. क्षणभर तिला वाटलं, सांगतील. त्यांचे ओठ हललेही. मग त्यांनी टेबलावरची औषधाची बाटली शोधून हातात घेतली.

"थेंब घालून पडायचंय मला. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मी घालते ना. द्या इकडे."

"नको. सवय झालीय माझी मला."

ते दारापर्यंत तिला सोडायला आले, भिंतीला हात लावत लावत. तिने चपला घातल्या. काकांनी एकदा तरी चिडावं, चार शब्द सुनवावेत, असं तिला फार वाटत होतं.

"काका, पुढच्या फेरीला मी पहिल्याच दिवशी येईन," ती म्हणाली.

"कशाला तीन जिने चढतेस?" काका म्हणाले. "खालूनच भर. माझं बदलणार नाही आता."

आणि त्यांनी दार अगदी हळू लावून घेतलं.